एकोणसत्तर दिवस, अकरा माणसे

१७९२ च्या जून महिन्यात महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले आणि बादशहाने दिलेल्या वकील-इ-मुतलक पदाची वस्त्रे सवाई माधवराव पेशव्यांना अर्पण करण्याचा सोहळा त्यांनी घडवून आणला, हे आपल्या वाचकांस, विशेषतः ग्वाल्हेर-इंदूरकडील मंडळींस, सांगावयास नको. त्याच महिन्याच्या १८ तारखेस इंग्लंडमधील पोर्टस्मथ बंदरात ‘गॉर्गन’ नावाचे एक सरकारी जहाज येऊन दाखल झाले. त्या जहाजावर चार पुरुष आणि एक स्त्री असे पाच कैदी होते. पंधरा महिन्यांपूर्वी हीच माणसे एका उघड्या होडीतून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने निसटली होती. तेव्हा त्या होडीत अकरा जण होते. उरलेल्या सहांचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

सागरसफरींच्या इतिहासात या प्रवासाचा उल्लेख धाडसाची एक कथा म्हणून होतो. त्यावर कादंबऱ्या झाल्या, चित्रमालिका झाल्या. प्रस्तुत लेखकाला मात्र ती कथा वाचताना धाडसापेक्षा एक साधा हिशेब अधिक अस्वस्थ करून गेला. तो हिशेब मांडण्यापूर्वी घडलेली हकीकत क्रमाने सांगणे भाग आहे.

इंग्लंडमधील तुरुंग भरून वाहू लागले आणि अमेरिकेतील वसाहती हातच्या गेल्यामुळे कैदी तिकडे पाठविण्याची सोय राहिली नाही, तेव्हा ब्रिटिश सरकारने त्यांना ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर नेऊन सोडण्याचे ठरविले. मे १७८७ मध्ये अकरा जहाजांचा पहिला तांडा निघाला आणि जानेवारी १७८८ मध्ये तो तेथे पोहोचला. गव्हर्नर आर्थर फिलिप यांच्या अधिकाराखाली आजच्या सिडनी शहराच्या जागी वसाहत उभी राहिली. या तांड्यातील ‘शार्लट’ नावाच्या जहाजावर मेरी ब्रॉड आणि विल्यम ब्रायंट हे दोन कैदी होते. दोघेही इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉल प्रांतातले. विल्यम हा मासेमार. खलाशांचे वेतन खोट्या नावाने उचलल्याबद्दल १७८४ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली होती. मेरी फॉय या बंदरगावची. प्लिमथ येथे एका बाईची रेशमी टोपी व काही वस्तू वाटेत हिसकावून घेतल्याबद्दल मार्च १७८६ मध्ये तिला प्रथम फाशी आणि मग दयेने सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली. प्रवासातच तिला मुलगी झाली. जहाजाच्या नावावरूनच तिचे नाव शार्लट ठेवले. सिडनीत पोहोचल्यावर फेब्रुवारी १७८८ मध्ये मेरी आणि विल्यम यांचा विवाह झाला. नव्या वसाहतीतील अगदी पहिल्या विवाहांपैकी तो एक. १७९० मध्ये इमॅन्युएल हा मुलगा झाला.

वसाहतीची पहिली तीन वर्षे उपासमारीची होती. आणलेले धान्य संपत आले, पेरलेले नीट उगवले नाही. रसद घेऊन येणारे ‘गार्डियन’ हे जहाज वाटेत हिमनगावर आदळून निकामी झाले आणि वसाहतीचे मोठे जहाज ‘सिरियस’ मार्च १७९० मध्ये नॉरफोक बेटावर फुटले. शिधा पुन्हापुन्हा घटविण्यात आला. अशा काळात मासे मारू शकणाऱ्या माणसाला किती किंमत आली असेल, याची कल्पना आपल्या किनाऱ्यावरील वाचकांस सहज येईल. विल्यम ब्रायंटला मासेमारीच्या होड्यांवर मुख्य नेमले होते, राहावयास स्वतंत्र झोपडी दिली होती. परंतु पकडलेल्या माशांपैकी काही परस्पर विकल्याचे १७८९ च्या फेब्रुवारीत उघडकीस आले. त्याला शंभर फटके मारण्यात आले आणि झोपडीतून बाहेर काढले. मासेमारीचे काम मात्र त्याच्याकडेच ठेवावे लागले, कारण त्याच्याइतका जाणकार दुसरा नव्हता.

येथे एका कारकुनी बाबीचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. कैद्यांच्या शिक्षेच्या मुदती कधी संपतात हे दाखविणारे कागद वसाहतीत आलेच नव्हते. ते इंग्लंडमध्येच राहून गेले होते. त्यामुळे ज्यांची सात वर्षे भरली असे म्हणणे होते त्यांना ते सिद्ध करता येईना आणि अधिकाऱ्यांना ते पडताळून पाहता येईना. एका कैद्याने आपली मुदत संपल्याचे गव्हर्नरसमोर आग्रहाने सांगितले, तेव्हा त्याला उद्धटपणाबद्दल फटक्यांची शिक्षा झाली. ब्रायंटची मुदत मार्च १७९१ मध्ये भरत होती. शिवाय, ज्याच्या मागे बायको-मुले वसाहतीवर भार म्हणून राहतील अशा कोणालाही मुदत संपली तरी जाऊ देऊ नये, असा हुकूम निघाला होता. म्हणजे कागदोपत्री सुटकेचा दिवस जवळ येत होता आणि प्रत्यक्षात सुटकेची वाट बंद होत होती. पळून जाण्याचा विचार याच सुमारास पक्का झाला असावा.

तयारी मात्र घाईची नव्हती. डिसेंबर १७९० मध्ये ‘वाक्सामहेड’ हे डच जहाज बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जाकार्ताहून, भाड्याने धान्य घेऊन आले. त्याचा कप्तान डेटमर स्मिट आणि गव्हर्नर यांचे व्यवहारात फारसे जमले नाही. या स्मिटकडून ब्रायंटने होकायंत्र, सूर्याची उंची मोजण्याचे क्वाड्रंट, एक सागरी नकाशा आणि दोन बंदुका मिळविल्या. तांदूळ, पीठ आणि थोडे खारवलेले डुकराचे मांस झोपडीच्या फळ्यांखाली खड्डा करून साठविले. होडी मिळविण्याचा प्रश्न नव्हता. मासेमारीसाठी जी गव्हर्नरची सहा वल्ह्यांची, शिडाची होडी त्याच्या ताब्यात असे, तीच न्यावयाची होती. फेब्रुवारीत वादळी वाऱ्यात ती उलटली होती, तेव्हा तिच्यावर असलेल्यांना वाचविण्यास तेथील मूळ रहिवासी धावून आले. त्यानंतर सरकारी खर्चानेच तिची दुरुस्ती झाली होती. पळून जाणाऱ्यांच्या दृष्टीने याहून चांगली सोय कोणती?

२८ मार्च १७९१ रोजी वाक्सामहेड बंदरातून निघून गेले. आता पाठलाग करू शकेल असे एकही मोठे जहाज बंदरात उरले नाही. त्याच रात्री अकरा जण होडीत बसले. विल्यम, मेरी, साडेतीन वर्षांची शार्लट, वर्षाचा इमॅन्युएल आणि आणखी सात पुरुष: जेम्स मार्टिन, विल्यम ॲलन, सॅम्युएल बर्ड, सॅम्युएल ब्रूम ऊर्फ जॉन बुचर, जेम्स कॉक्स, नथॅनिएल लिली आणि विल्यम मॉर्टन. दुसऱ्या दिवशी शोध घेणाऱ्यांना झोपडीपासून किनाऱ्यापर्यंतच्या वाटेवर एक करवत, एक तराजू आणि सांडलेले थोडे तांदूळ सापडले. अंधारात घाईने नेताना हातून निसटलेले. कॉक्सने आपल्या प्रिय स्त्रीसाठी एक चिठ्ठी मागे ठेवली होती, आणि तिने वाईट मार्ग सोडावा असे तीत कळकळीने लिहिले होते. वसाहतीचे न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स यांनी या सर्व गोष्टींची नोंद करून ठेवली आहे.

हे सर्व खलाशी होते काय? नव्हते. ब्रायंट किनाऱ्यालगत होडी चालविणारा मासेमार, मॉर्टनला नौकानयनाचे काही ज्ञान होते. मार्टिनला जुने शिसे आणि लोखंड चोरल्याबद्दल, तर बुचरला डुकराची पिले चोरल्याबद्दल शिक्षा झालेली. अशी माणसे दूरच्या समुद्रावर जाण्यास निघाली. सोबत एक आई आणि दोन मुले. ज्या किनाऱ्याने जावयाचे, त्याचा नकाशा एकवीस वर्षांपूर्वी, १७७० मध्ये, कॅप्टन कुकने प्रथम काढला होता, आणि खुद्द कुकचे जहाज तेथील प्रवाळांच्या रांगेवर आदळून कसेबसे वाचले होते.

आता मार्गाविषयी थोडेसे. सिडनीहून उत्तरेकडे जाताना किनाऱ्याला समांतर असा समुद्राचा एक जोरदार प्रवाह दक्षिणेकडे वाहत असतो. म्हणजे होडीला उलट दिशेने ओढणारा. त्यातून सुटावयाचे तर किनाऱ्याजवळून जावे लागते. किनाऱ्याजवळ गेले की खडकांवर फुटणाऱ्या लाटांचे भय. पुढे उष्ण कटिबंधात शिरल्यावर मात्र एप्रिलपासून आग्नेयेचे वारे स्थिरावतात आणि ते उत्तरेकडे जाणाऱ्या शिडाला अनुकूल असतात. निघण्याचा महिना वाऱ्याचा विचार करून निवडला होता, की तो केवळ वाक्सामहेडच्या प्रयाणावर ठरला, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. परंतु तो योग्य ठरला.

या प्रवासाची आज उपलब्ध असलेली प्रत्यक्ष सहभागी व्यक्तीची एकमेव सविस्तर हकीकत जेम्स मार्टिनच्या नावावर आहे. थोडक्या पानांची, शुद्धलेखनाचा पत्ता नसलेली, दमछाक झालेल्या माणसाने बोलावे तशी. तिच्यावरून दिसते की दोनच दिवसांत ते एका लहानशा खाडीत शिरले. तेथे मासे भरपूर मिळाले, आणि किनाऱ्यावर दगडी कोळसा सापडला. तो त्यांनी जाळून पाहिला व चांगला पेटला. पुढे याच भागात न्यूकॅसल हे कोळशाचे मोठे बंदर वसले. म्हणजे इंग्रजांपैकी त्या कोळशाची पहिली नोंद पळून जाणाऱ्या कैद्यांच्या नावावर आहे. आरंभी भेटलेल्या स्थानिक लोकांशी सलोख्याने देवघेव झाली. पुढे मात्र काही ठिकाणी त्यांना उतरू दिले गेले नाही, आणि होडीतील लोकांनी त्यांच्या डोक्यावरून बंदुका उडविल्या. ज्यांच्या किनाऱ्यावर अनोळखी माणसे शस्त्रे घेऊन उतरत होती, त्यांची बाजू मांडणारी हकीकत कोणी लिहिली नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

होडी गळत होती. फटी बुजविण्यासाठी आणलेले मेण व राळ संपल्यावर त्यांनी साबण वापरला. पावसाने आठवडेच्या आठवडे अंगावरचे कपडे वाळू दिले नाहीत. एकदा वाऱ्याने होडी समुद्रात इतकी दूर लोटली की किनारा दिसेनासा झाला, तेव्हा ती हलकी करण्यासाठी अंगावरच्या कपड्यांखेरीज बरेचसे कपडे पाण्यात फेकून द्यावे लागले. दुसऱ्या एका रात्री नांगर तुटला आणि होडी फुटणाऱ्या लाटांकडे वाहत गेली. अकराही जणांनी मरणाची खात्री बाळगली असेल अशा त्या रात्री होत्या. रात्रंदिवस कोणीतरी पाणी उपसत असे. दोन लहान मुले त्या ओल्या होडीत कशी तगली, याविषयी मार्टिन फारसे लिहीत नाही. ती तगली एवढेच खरे. पाणी संपले की किनाऱ्यावर उतरावयाचे, ओढा किंवा झरा शोधावयाचा, पिंपे भरावयाची, ताडाच्या जातीच्या झाडाचे कोवळे कोंब खावयाचे, आणि पुन्हा निघावयाचे. प्रवाळांच्या रांगेतील एका निर्जन बेटावर कासवे सापडली. तेथे काही दिवस थांबून त्यांनी मांस वाळविले आणि ते पुढच्या वाटेसाठी बरोबर घेतले. कासवाच्या त्या मांसावरच पुढील कित्येक दिवस निघाले असावेत.

ऑस्ट्रेलियाचे उत्तर टोक ओलांडून ते कार्पेंटारियाच्या आखाताशी आले. तेथे शिडे लावलेल्या मोठ्या डोंग्यांनी त्यांचा पाठलाग केला. एकेका डोंगीत तीसेक माणसे होती. किनाऱ्यास लागून जाण्याचा बेत सोडून त्यांनी आखाताचे उघडे पाणी सरळ पार करण्याचे ठरविले, आणि साडेचार दिवसांत ते केले. तेथून पश्चिमेकडे, आणि शेवटी उघड्या समुद्रातून तिमोर बेटाकडे. ५ जून १७९१ रोजी होडी कुपांग या डच बंदरात लागली. एकोणसत्तर दिवस, ३,२५४ सागरी मैल, म्हणजे सुमारे सहा हजार किलोमीटर. होडीत बसलेले अकराही जण जिवंत होते.

त्याच कुपांग बंदरात दोन वर्षांपूर्वी कॅप्टन ब्लाय हा ‘बाउंटी’ जहाजावरील बंडानंतर अशाच उघड्या होडीतून ३,६१८ सागरी मैल काटून पोहोचला होता. त्याचे नाव जगभर झाले, आणि ते योग्यच आहे. परंतु ब्लाय नौदलातील निष्णात अधिकारी होता, कुकच्या हाताखाली शिकलेला, आणि त्याच्या होडीतील माणसेही जहाजावरची होती. ब्रायंटच्या होडीत तसा कोणी नव्हता, आणि दोन मुलांपैकी एकाला धड चालताही येत नसेल. असे असूनही दोन प्रवासांची तुलना अपवादानेच केली जाते.

कुपांगच्या डच गव्हर्नरला त्यांनी सांगितले की आमचे जहाज फुटले, आम्ही त्यातून वाचलेले लोक. गव्हर्नर वान्योन याने त्यांना सौजन्याने वागविले, कपडे दिले, आणि खर्च ब्रिटिश सरकारच्या नावावर मांडला. पुरुषांनी कामे धरली. दोन महिने बरे गेले. मग खरी गोष्ट फुटली. ती कशी फुटली याविषयी दोन निरनिराळ्या हकिकती आहेत. मार्टिन म्हणतो की विल्यमचे बायकोशी भांडण झाले आणि त्याने जाऊन स्वतःसह सर्वांची माहिती दिली. दुसरी गोष्ट अशी की त्यांच्यापैकी एकाच्या तोंडून बोलता बोलता सत्य निसटले. मार्टिन हा प्रत्यक्ष साक्षीदार खरा, परंतु त्याची हकीकत लिहिली गेली तेव्हा विल्यम मेलेला होता आणि मेलेल्यावर दोष टाकणे सोपे असते. म्हणून मी या मुद्द्यावर निर्णय देण्याचे टाळतो.

सप्टेंबरच्या मध्यास आणखी चार होड्या कुपांगला आल्या. ‘पँडोरा’ हे युद्धनौका दर्जाचे जहाज ‘बाउंटी’वरील बंडखोरांना पकडून नेत असताना ऑगस्टच्या अखेरीस प्रवाळांवर फुटले होते. त्याचे खलाशी ३१ आणि साखळदंडातील कैदी ४ बुडाले होते. उरलेल्यांना घेऊन कप्तान एडवर्ड एडवर्ड्‌स आला. त्याने पळालेल्या कैद्यांनाही ताब्यात घेतले. ऑक्टोबर १७९१ च्या आरंभी ‘रेम्बांग’ या डच जहाजातून सर्वांना बटाव्हियाकडे नेण्यात आले. पुरुषांच्या पायांत बेड्या होत्या.

येथून पुढचा भाग तारखांच्या यादीसारखा आहे, आणि मी तो तसाच देतो. १ डिसेंबर १७९१: इमॅन्युएल, बटाव्हिया, ज्वराने. २२ डिसेंबर १७९१: विल्यम ब्रायंट, बटाव्हिया, ज्वराने. त्यानंतर बटाव्हियाहून केपकडे जाताना जेम्स कॉक्स सुंदाच्या सामुद्रधुनीत समुद्रात पडून बुडाला. सॅम्युएल बर्ड व विल्यम मॉर्टन हे त्याच वाटेवर आजाराने गेले. केप ऑफ गुड होप येथे उरलेल्यांना सिडनीहून परतणाऱ्या गॉर्गन जहाजावर चढविण्यात आले. मे १७९२ च्या पहिल्या आठवड्यात, जहाज अटलांटिकमध्ये असताना, शार्लट गेली. तिचे वय पाच वर्षांचेही नव्हते.

हिशेब हा असा आहे. उघड्या, गळक्या होडीत, अनोळखी किनाऱ्याने, अर्धपोटी अवस्थेत एकोणसत्तर दिवस: मृत्यू एकही नाही. सरकारी जहाजांवर आणि सरकारी रुग्णालयात, सरकारच्या ताब्यात, साडेआठ महिने: मृत्यू सहा.

या हिशेबावर आक्षेप घेता येतील, आणि ते घेतले पाहिजेत. बटाव्हिया हे शहर त्या काळी ज्वरासाठी कुप्रसिद्ध होते. तेथे मुक्त खलाशीही शेकड्यांनी मेले, कुकची माणसेही तेथे दगावली. गॉर्गनवर परतणाऱ्या सैनिकांची लहान मुलेही त्या उन्हाळ्यात दगावली. ताब्यात नसती तर ही माणसे जगलीच असती, असे कोणीही म्हणू शकणार नाही. हे सर्व मान्य. तरीही एक फरक उरतो. होडीत असताना पाणी कोठे शोधावे, केव्हा थांबावे, कोणाला आधी प्यावयास द्यावे, हे ते अकरा जण ठरवीत होते. मूल तापले तर किनारा गाठावा असे आईला म्हणता येत होते. ताब्यात गेल्यावर हे सर्व दुसऱ्या कोणाच्या तरी सोयीवर गेले.

या ठिकाणी स्वतःविषयी थोडे लिहिण्याची अनुज्ञा वाचकांनी द्यावी. गोव्यात राज्य शासनाच्या सेवेत असताना काही वर्षे मी उपविभागीय दंडाधिकारी म्हणून काम केले. त्या पदावरील माणसाला प्रेतांच्या चौकशा कराव्या लागतात. पावसाळ्याच्या तोंडाशी समुद्रात गेलेल्या होड्या परत येत नसत, मग काही दिवसांनी कोठेतरी प्रेत लागत असे, आणि वारसांना मदत मिळावी म्हणून आम्ही कागद तयार करीत असू. ते काम दुःखाचे होते, पण सोपे होते. समुद्राला कोणी जाब विचारत नाही.

१९९० च्या दशकात एकदा वेगळे प्रकरण आले. किरकोळ चोरीच्या आरोपावरून अटकेत असलेला एक तरुण चौथ्या दिवशी रुग्णालयात मरण पावला. अंगावर मारहाणीची खूण नव्हती. डॉक्टरांचा अभिप्राय स्पष्ट होता: ज्वर, संसर्ग, नैसर्गिक मृत्यू. सर्व कागद नीट लावलेले होते. मी साक्षी घेतल्या आणि तसाच अहवाल दिला. त्यात खोटे एक अक्षर नव्हते. त्याची आई कचेरीच्या व्हरांड्यात बसून होती. तिने मला एवढेच विचारले की ताप कोणत्या दिवशी चढला. मी कागद पाहून सांगितले की रुग्णालयात नेले तो दिवस. ती म्हणाली, “तो नेण्याचा दिवस झाला, साहेब. चढण्याचा कोणता?” त्या रकान्याला आमच्या नमुन्यात जागा नव्हती, आणि तो प्रश्न मी कोणाला विचारलाही नव्हता. अहवाल गेला. प्रकरण बंद झाले. बटाव्हियाच्या नोंदीतील ‘ज्वराने’ हा शब्द वाचला तेव्हा मला ती बाई आठवली. तीस वर्षांनंतर तिला देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नाही.

असो. मूळ कथेकडे वळू. केपला गॉर्गनवर चढल्यावर या कैद्यांना ओळखणारे अधिकारी भेटले. त्यांच्यातील वॉटकिन टेंच हा १७८७ मध्ये ‘शार्लट’ जहाजावर मेरीबरोबरच गेलेला. एवढ्या धैर्याने गेलेली माणसे अखेर पकडली गेली याचा त्याला खेद झाला, आणि तो त्याने आपल्या पुस्तकात मोकळेपणाने नोंदविला. सरकारी पोशाखातल्या माणसाने असे लिहिणे त्या काळीही सोपे नसावे. कैद्यांना पकडून नेणारे सगळेच पाषाणहृदयी होते, असे त्यामुळे म्हणता येत नाही. आणि म्हणूनच प्रश्न अधिक अवघड होतो, कारण सहृदय माणसे असूनही यादी लांबत गेली.

७ जुलै १७९२ रोजी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाने पाचही जणांना फाशी न देता मूळच्या शिक्षेवर तुरुंगात ठेवण्याचा आदेश दिला. वर्तमानपत्रांतून ही हकीकत प्रसिद्ध झाली. ती वाचून जेम्स बॉस्वेल पुढे आला. डॉ. सॅम्युएल जॉन्सनचे प्रसिद्ध चरित्र त्याने आदल्याच वर्षी प्रकाशित केले होते. बॉस्वेल हा चंचल, मद्यासक्त, मोठमोठ्यांच्या मागे धावणारा गृहस्थ म्हणून ओळखला जातो. परंतु या प्रकरणात त्याने चिकाटी दाखविली. गृहमंत्री हेन्री डंडास याच्याकडे त्याने अर्ज केले, पाठपुरावा केला. हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा पुढे अध्यक्ष झालेला डंडास तो हाच. मे १७९३ मध्ये मेरीला माफी मिळाली. मार्च १७८६ पासून मोजले तर तिची सात वर्षे मार्च १७९३ मध्येच भरली होती. म्हणजे सरकारची दया मुदतीनंतर सुमारे दीड महिन्याने आली! नोव्हेंबरमध्ये इतर चौघेही सुटले. मेरी कॉर्नवॉलला आपल्या माणसांकडे गेली. बॉस्वेल तिला वर्षाला दहा पौंड पाठवीत असे. तो १७९५ मध्ये वारला. १७९४ नंतर मेरीचा माग लागत नाही. चौघांपैकी बुचर हा मात्र सैनिक म्हणून स्वेच्छेने न्यू साउथ वेल्सला परत गेला आणि १७९५ मध्ये त्याला तेथे पंचवीस एकर जमीन मिळाली. ज्या भूमीतून तो जिवावर उदार होऊन पळाला, तिच्याच एका तुकड्याचा तो धनी झाला. आपल्या पूर्वजांनी परमुलखात घरे बांधली त्यामागेही अशाच काही गुंतागुंतीच्या कथा असतील, हे आपल्यासारख्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

शेवटी कागदांविषयी. विल्यम ब्रायंटने प्रवासाची रोजनिशी लिहिली होती. ती कुपांगला राहिली, आणि १७९२ मध्ये तेथे पुन्हा आलेल्या ब्लायने ती पाहिली. आज ती उपलब्ध नाही. मार्टिनची हकीकत तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमच्या कागदपत्रांत पडून राहिली आणि १९३७ मध्ये प्रथम छापली गेली. लंडनच्या विद्यापीठाने २०१७ मध्ये तिची साक्षेपी आवृत्ती काढली. मेरीच्या हातची एकही ओळ नाही, कारण तिला लिहिता येत नव्हते.

तिच्याकडून आलेली एक वस्तू मात्र शिल्लक आहे. सिडनीच्या रानात एक वेल उगवते. तिची पाने उकळून वसाहतीतले लोक चहाऐवजी पीत असत, आणि उपासमारीच्या वर्षांत तिला औषध म्हणूनही मान होता. त्या वेलीची थोडी सुकी पाने मेरीने बॉस्वेलला दिली होती. ती त्याच्या कागदपत्रांत पुडी बांधलेल्या स्थितीत विसाव्या शतकात सापडली, आणि त्यांतील दोन पाने आज सिडनीच्या राज्य ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. होडीत जागा नव्हती, कपडे पाण्यात टाकावे लागले होते, नवरा गेला, दोन्ही मुले गेली, तपासणीमागून तपासणी झाली. या सगळ्यातून ती पाने टिकली.

त्या पानांवर तारीख नाही, शिक्का नाही, कोणाची सही नाही. अधिकृत दस्तऐवज म्हणून मी ती कधीच स्वीकारली नसती. आता वाटते, व्हरांड्यात बसलेल्या त्या बाईपाशीही असे काहीतरी असेल, आणि ते काय आहे हे विचारण्याचे काम माझे होते.